तिन्ही पाती मोजा

आयटीआयला दोन वर्षं वीजतंत्रीचा ट्रेड करून लाइनवर, म्हणजे वायरमनच्या कामावर आलो तेव्हा मला उंचीची भीती होती. 8 मीटरचा सिमेंटचा पोल खालून काही वाटत नाही. वर गेल्यावर, पट्टा अडकवून दोन्ही हात सोडायची वेळ आली की पोटऱ्या लटपटतात. ती भीती दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते, तिची काळजी नको.

चार माणसांसमोर "थांबा" म्हणायची भीती मात्र अजून आहे.

पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊला गावाबाहेर 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) लाइनचा जंपर, म्हणजे पोलावर तारा जोडणारा तुकडा, तुटला. पन्नासेक माणसं पोलाखाली, कुणाचं दळण अडलेलं, कुणाच्या घरी बारसं. सीनियर काका म्हणाले, "एबी स्विच पाडलाय, चढ." एबी स्विच म्हणजे पोलावरचा लाइन तोडणारा स्विच; खालचं हँडल पाडलं की वर तिन्ही फेजची तीन पाती उघडायला हवीत. मी म्हटलं, एकदा बघून येतो. "हँडल खाली आहे म्हटलं ना? आयटीआयवाला!" मागून कुणीतरी हसलं. कान तापले, पण बॅटरी घेऊन चिखलातून गेलो. हँडल खालीच होतं. वर उजेड मारला तर दोन पाती उघडलेली आणि तिसरं गंजून जागेवरच चिकटलेलं. म्हणजे एक फेज जिवंत.

काकांना हाक मारली. ते बघून काहीच बोलले नाहीत. उपकेंद्राला फोन लावून फीडर (तिथून निघणारी ती लाइन) बंद करून घेतला, परमिट, म्हणजे लाइन बंद केल्याची आणि काम करायची परवानगी घेतली, मग मी चढलो.

तेव्हापासून हँडलवर विश्वास ठेवत नाही, पाती मोजतो. लाइन बंद असली तरी कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड (तार जमिनीला जोडणारी दांडी) लावतो: आधी अर्थिंगचं टोक जमिनीत, मग हुक तारेवर. काढताना उलटं. कारण लग्नसराईत कुणी चेंजओव्हर (जनरेटर लाइनपासून वेगळा ठेवणारा स्विच) न बसवता जनरेटर जोडला, तर एलटीकडून, म्हणजे घराकडच्या कमी दाबाच्या लाइनवरून आलेला करंट डीपीतून (ट्रान्सफॉर्मरमधून) वर 11 हजार व्होल्टचा होऊन उभा राहतो. ट्रान्सफॉर्मरला उलटसुलट कळत नाही.

आणि एक. गर्दीत "भीती वाटते" म्हटलं की लोक हसतात. "परमिट नंबर काय?" एवढंच विचारा. यावर कुणी हसलेलं मी पाहिलेलं नाही.

त्या रात्री लाइट यायला साडेबारा वाजले. शिव्या भरपूर खाल्ल्या. ते पातं बदलायला मात्र पुढचा महिना उजाडला.