जुनी दुनळी बंदूक घेताना या चुका टाळा

इंग्रजी बनावटीची जुनी दुनळी विकायला निघाली, की घेणारा ती आधी खांद्याला लावून पाहतो, कुंद्यावरची नक्षी न्याहाळतो आणि नळ्यांमधल्या पट्टीवरचे बर्मिंगहॅम किंवा लंडन वाचून मनातल्या मनात सौदा पक्का करतो. बंदुकीची खरी हकीकत मात्र नळ्या उतरवल्यावर त्यांच्या तळाच्या सपाट भागावर, चाचणीच्या ठशांमध्ये (जादा दाबाचे बार उडवून नळ्या तपासल्याच्या खुणांमध्ये) वाचायला मिळते.

आतून चकचकीत दिसणारी नळी चांगलीच असते, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने परवाना हाती येताच त्याच आठवड्यात बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) एक बॉक्सलॉक, म्हणजे चापाची यंत्रणा पेटीसारख्या भागात बसवलेली बंदूक, घेतली, आणि नळ्या आरशासारख्या असल्याचे मला मोठ्या आनंदाने सांगितले. ठशांमध्ये १३/१ हा आकडा होता, म्हणजे चाचणीच्या वेळी नळीचा आतला व्यास ०.७१९ इंच होता. मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मी मोजले, तेव्हा उजवी नळी ०.७३३ इंच भरली. ठशापेक्षा व्यास दहा हजारांश इंचाहून (०.०१० इंच) अधिक वाढला, तर ब्रिटिश नियमांनुसार जुनी चाचणी ग्राह्य राहत नाही. गंजाचे खड्डे घालवण्यासाठी कोणीतरी आतून धातू घासून काढला होता, आणि मध्यावर एका ठिकाणी भिंतीची जाडी जेमतेम सतरा हजारांश इंच (०.०१७) उरली होती. वीसच्या खालची नळी मी स्वतः घेत नाही. त्या बंदुकीतून एकही बार काढू नकोस, असे मला त्याला सांगावे लागले, आणि त्याचा उतरलेला चेहरा मी अजून विसरलेलो नाही. माझी सवय अशी, की नळी आधी ढगाळ आकाशाकडे धरून आतल्या सावलीची वलये पाहायची, कारण पोचा किंवा फुगवटा असेल तिथे वलय वाकडे होते. त्यानंतर व्यास आणि जाडी उपकरणाने मोजायची. हे उपकरण जवळ नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याची महिनाभर वाट पाहावी.

दुसरी चूक सांध्याची. नळ्यांखालचे लाकूड जागेवर ठेवूनच लोक बंदूक हलवून पाहतात आणि ती घट्ट असल्याचा निर्वाळा देतात. त्या लाकडातल्या स्प्रिंगचा ताण ढिला सांधाही दाबून धरतो. म्हणून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी, ते लाकूड काढावे, बिजागरीवरचे जुने ग्रीस पुसावे, नळ्या पुन्हा बसवून बंदूक बंद करावी आणि कुंदा काखेत धरून नळ्या आडव्या हलवाव्यात. जराही खडखड जाणवली, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलावे.

काडतुसाची सांगितली जाणारी लांबी ते उडून तोंड उघडल्यानंतरची असते; त्यामुळे ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ मिलिमीटरच्या जुन्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसण्याच्या भागात) सहज बसते, परंतु उडताना त्याचे उघडलेले तोंड पुढच्या अरुंद भागात शिरते आणि दाब वाढतो. ‘बसले म्हणजे चालते’ असे म्हणणाऱ्याचा सल्ला घेऊ नये.

फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या दमास्कस नळ्यांत (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडून केलेल्या) निर्धूर दारूचे काडतूस घालू नये.

उतरवलेल्या नळ्या दोरीने टांगून लाकडाने हलकेच ठोकाव्यात. घंटेसारखा नाद न येता बद्द आवाज आला, तर पट्टीचा डाख सुटला असण्याचा संभव असतो.

सराव-काडतुसे (आत दारू नसलेली नकली काडतुसे) घातल्याशिवाय चाप ओढू नयेत.

कुंदा यंत्रणेला जिथे मिळतो, तिथे तेलाने काळवंडलेल्या लाकडात बारीक चीर दडलेली असू शकते. ती भिंगाने पाहावी.

शेवटी नळ्या, यंत्रणा आणि पुढचे लाकूड यांवरचे क्रमांक एकमेकांशी आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरील नोंदीशी स्वतः ताडून पाहावेत, आणि त्यात एका आकड्याचाही फरक आढळला, तर त्याचा लेखी उलगडा होईपर्यंत विसार देऊ नये.