कोरियन वेबटूनचे मराठी भाषांतर कसे करावे

आवडलेला कोरियन वेबटून (इंटरनेटवर भागाभागाने प्रसिद्ध होणारी चित्रकथा) मराठीत आणायचा असेल, तर सर्वांत आधी परवानगी मिळवावी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो. भाषांतरासोबत चित्रकाराचे नाव छापले म्हणून तो आपल्याकडे येत नाही. स्वतःची मालिका स्वतः प्रसिद्ध करणाऱ्या चित्रकाराला विचारणे त्यातल्या त्यात सोपे.

भाग हाती आल्यावर लगेच संवादांचे फुगे भरायला घेऊ नयेत. आधी कोण कोणाशी कसे बोलतो, याचा तक्ता करावा. कोरियनमधील आदराची बोली, म्हणजे जोन्देन्माल, आणि सलगीची बोली, म्हणजे बान्माल, यांतील फरक मुख्यतः क्रियापदाच्या शेवटात दिसतो. इंग्रजीत तो बहुधा पुसला जातो, मराठीत मात्र त्यासाठी ‘तुम्ही’ आणि ‘तू’ आयतेच आहेत. त्यामुळे इंग्रजी आवृत्तीचा आधार घेतला, तरी मूळ कोरियन समोर असावेच. प्रेमकथेत नायिका ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येते तो फुगा चुकला, तर पुढची जवळीक वाचकाला पटत नाही. मुलगी थोरल्या भावाला ‘ओप्पा’ म्हणते आणि प्रियकरालाही. तिथे सरसकट ‘दादा’ लिहिल्यास कथेचा पार बोजवारा उडतो. प्रियकरासाठी त्याचे नाव वापरावे किंवा ‘ओप्पा’ तसेच ठेवावे.

याहून अवघड अडचण लिंगाची आहे. कोरियन क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे मुखवट्याआडची व्यक्ती कितीही बोलली तरी ती स्त्री की पुरुष हे कळत नाही. मराठीत ‘मी आलो’ लिहिताच रहस्य फुटते. अशा जागी ‘मी सगळं पाहिलं’, ‘मला माहीत होतं’ अशी वाक्ये योजावीत.

चित्रातच रंगवलेले ध्वनिशब्द खोडण्याच्या फंदात न पडता शेजारी लहान अक्षरांत ‘धडधड’, ‘धाडकन’ असे लिहावे.

अक्षरजुळणीसाठी जिम्प किंवा क्रिटा हे मोफत प्रोग्रॅम आणि मुक्ता किंवा कलम हे फॉन्ट पुरेसे आहेत. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य नीट उमटतो का, हे सुरुवातीलाच पाहावे. रफार आणि उकार एकमेकांवर चढू नयेत म्हणून ओळींमधले अंतर वाढवावे, आणि मजकूर फुग्यात मावत नसेल तर अक्षर बारीक करण्याआधी वाक्य छाटावे, कारण वेबटून बहुतेक वाचक फोनवरच वाचतात.