वस्तीवरची शाळा कशी टिकली

पट वीसच्या आत, म्हणून आमच्या वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा ओढ्यापलीकडच्या शाळेत मिसळणार होती. ‘समूह शाळा होईल, गाडीची सोय करू,’ असं तोंडी आश्वासन. निवेदनं देऊन पोचेपलीकडे काही हाती आलं नाही.

उपयोग झाला तो शिक्षण हक्क कायद्याचा (२००९). त्याखालच्या राज्याच्या २०११च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असं आहे. मग अंतर आम्ही मुलांच्या पायवाटेने मोजलं. नकाशावर ओढ्याला पूर येत नाही! भरल्या ओढ्याचे फोटो तारखेसह जोडले. अंगणवाडीतून पुढे येणाऱ्या मुलांची यादीही दिली, ती सर्वांत कामाची ठरली. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यामुळे ठराव सहज झाला. ग्रामसभेचा ठराव मात्र भांडून घ्यावा लागला, कारण काहींची मुलं इंग्रजी शाळेत.

सगळं गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिलं, प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. शाळा मिसळण्याचा प्रस्ताव मागे पडला. शिक्षक अजून एकच आहेत; दुसऱ्यासाठी अर्ज टाकलाय.