स्टारड्यू व्हॅलीत दिवस पुरत नाही? आधी आठवडा लावून घ्या

स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा व्हिडिओ गेम नवीन सुरू केलेल्या जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच असते, दिवस पुरतच नाही. आणि तक्रार खरी आहे, कारण सकाळी ६ ते रात्री २ असे वीस तास खऱ्या घड्याळात जेमतेम चौदा मिनिटांत उडून जातात, गेममधली १० मिनिटं म्हणजे आपले साधारण ७ सेकंद. तेवढ्यात पाणी घालायचं, गावात जायचं, खाणीत उतरायचं, मासे पकडायचे, लोकांना गिफ्ट द्यायची, म्हणून मग पळापळ होते आणि रात्री दीडला माणूस खाणीतून घराकडे धावत असतो. माझं म्हणणं एवढंच की दिवसाला एकच मोठं काम ठरवा, आणि ते कोणत्या वारी करायचं हे दुकानांच्या वेळा बघून ठरवा.

वारांचं आधी सांगते कारण अर्धा वेळ इथेच फुकट जातो. प्रत्येक सीझन बरोबर २८ दिवसांचा, म्हणजे चार आठवडे, आणि १ तारीख कायम सोमवार. त्यामुळे १, ८, १५, २२ हे सोमवार वर्षभर बदलत नाहीत, एकदा डोक्यात बसलं की कॅलेंडर बघावंच लागत नाही. पियेरचं बियाणांचं दुकान ९ ते ५, बुधवारी बंद (गावातलं पडीक कम्युनिटी सेंटर दुरुस्त करून पूर्ण झालं की मग बुधवारीही उघडं असतं). सुतारकाम करणारी रॉबिन मंगळवारी दुकानात नसते. मार्नीकडे कोंबड्या-गायी घ्यायच्या असतील तर सोमवार-मंगळवार सोडून जा, आणि दुपारी ४ च्या आत पोचा. लोहार क्लिंटपण ४ लाच बंद करतो. फिरत्या विक्रेत्याची गाडी जंगलात शुक्रवारी आणि रविवारी येते. आता बघा, मंगळवारी रॉबिन नाही, मार्नी नाही, म्हणजे मंगळवार खाणीचा. बुधवारी पियेर बंद, तो दिवस मासेमारीला किंवा लाकूडतोडीला. बियाणं घ्यायचं तर मंगळवारीच घेऊन ठेवा, नाहीतर पीक काढून रिकामी झालेली जमीन गुरुवारपर्यंत तशीच पडून राहते.

सकाळचं म्हणाल तर ६ ते ९ हा वेळ शेताचा. बहुतेक दुकानं ९ लाच उघडतात त्यामुळे लवकर गावात जाऊन काही उपयोग नाही. उठलं की टीव्ही लावायचा, उद्याचं हवामान आणि आजचं नशीब एवढं बघायचं, मग पत्रपेटी, मग पाणी, मग तयार झालेला माल काढून जे विकायचं ते शिपिंग बिनमध्ये, म्हणजे शेतावरच्या विक्रीच्या पेटीत. बिनमधल्या मालाचे पैसे रात्री झोपल्यावरच मिळतात, त्यामुळे आज बियाणाला पैसे हवेत तर तोच माल पियेरला नेऊन विका.

आता पाणी, हे नीट सांगते कारण पहिल्या वर्षीचा खरा वेळखाऊ भाग हाच. सुरुवातीला एनर्जी २७० असते आणि झारी एकदा चालवली की २ जातात. चाळीस झाडं म्हणजे ८० एनर्जी सकाळीच गेली, वर ती जमीन खणायलाही तेवढीच गेली होती. मासे पकडायला एकदा गळ टाकला की ८ जातात, म्हणजे उरलेल्यात दिवसभराचं सगळं बसवायचंय. म्हणून पहिल्या स्प्रिंगमध्ये, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सीझनमध्ये, ३०-४० झाडांच्या वर जाऊ नका, पैसे असले तरी नका जाऊ, शेत मोठं करायचं ते आपोआप पाणी घालणारे स्प्रिंकलर आल्यावर. फार्मिंग लेव्हल २ ला मिळणारा साधा स्प्रिंकलर जमिनीची चारच घरं (चौकोन) भिजवतो, त्यात जीव अडकवू नका. लेव्हल ६ चा क्वालिटी स्प्रिंकलर भोवतालची आठही घरं भिजवतो, त्याला एक लोखंडाचा बार, एक सोन्याचा बार आणि एक रिफाइन्ड क्वार्ट्झ लागतो, आणि खरं सांगायचं तर खाणीत खाली उतरायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. असे दहा-बारा लागले की तुमची सकाळ मोकळी.

झारी अपग्रेड करायची असेल तर टीव्हीवर "उद्या पाऊस" दिसेपर्यंत थांबा. क्लिंटला अपग्रेडला दोन दिवस लागतात. समजा सोमवारी सकाळी टीव्हीने मंगळवारी पाऊस सांगितला, तर सोमवारी आधी सगळ्या झाडांना पाणी घालून घ्या, मग ४ च्या आत झारी, तांब्याचे ५ बार आणि २००० गोल्ड (गेममधले पैसे) क्लिंटला द्या. मंगळवारी पाऊस शेत भिजवतो, बुधवारी सकाळी झारी आणायची आणि येऊन पाणी घालायचं. एकही दिवस पीक कोरडं राहत नाही. तांब्याची झारी बटण दाबून धरलं की एका रेषेत तीन घरं भिजवते, फरक लगेच जाणवतो.

पावसाच्या दिवशी बरेच जण गावात फिरत बसतात, मला विचाराल तर तो दिवस खाणीलाच द्या, सकाळचे तास आणि एनर्जी दोन्ही वाचलेलं असतं. खाण स्प्रिंगच्या ५ तारखेला उघडते, लिफ्ट दर पाच मजल्यांनी थांबते, त्यामुळे उतरतानाच ठरवायचं की आज पाच मजले की दहा. तेवढे झाले की वर यायचं, मग अजून ८ च वाजले असले तरी चालेल. तोंडाशीच एक पेटी ठेवून द्या, बॅगेत सुरुवातीला १२ च जागा असतात आणि दगड-माती टाकायला घरी फेरी मारणं म्हणजे अर्धा दिवस गेला. बॅग मोठी करायला पियेरकडे २००० गोल्ड लागतात, ते लवकरात लवकर करा.

रात्रीचा नियम सोपा आहे, १२ च्या आत अंथरुणात. बारानंतर जितका उशीर तितकी दुसऱ्या दिवशीची एनर्जी कमी, आणि २ वाजले की जिथे असाल तिथे बेशुद्ध. खाणीत किंवा गावात पडलात तर वर १० टक्के गोल्डही जातं, जास्तीत जास्त १०००. आणि उलट बाजू कोणी सांगत नाही, लवकर झोपलं तर काहीही नुकसान नाही! संध्याकाळी ५ ला काम संपलं, एनर्जी संपली, तर सरळ झोपा. उरलेला वेळ "वाया जाऊ नये" म्हणून गावभर हिंडायची गरज नाही. आणि गेम सेव्ह होतो तो झोपल्यावरच, हे लक्षात ठेवा, जेवायला हाक आली की मधेच बंद केलं तर तो पूर्ण दिवस गेला.

सणांच्या दिवशी मात्र गडबड होते. बहुतेक सणांना एकदा आत गेलं की परत येईपर्यंत रात्रीचे १० वाजलेले असतात, म्हणून पाणी, जनावरं, सगळं आधी उरकून मगच जायचं. स्प्रिंगच्या १३ तारखेच्या एग फेस्टिव्हलला स्ट्रॉबेरीचं बियाणं मिळतं, १०० गोल्डला एक, आणि लोक त्याच रात्री अंधारात शेत खणत बसतात. गरज नाहीये. स्ट्रॉबेरीला पहिल्यांदा ८ दिवस लागतात आणि मग दर ४ दिवसांनी तोडणी, म्हणजे १४ ला आरामात लावली तरी २२ आणि २६ अशा दोन तोडण्या होतात, अगदी १६ ला लावली तरी २४ आणि २८ ला होतातच. फक्त रोज पाणी चुकवू नका. हाच हिशोब बाकी पिकांना लावा, सीझन बदलला की बहुतेक जुनी पिकं मरतात, तेव्हा २८ मधून पिकाचे दिवस वजा केले की लावायची शेवटची तारीख मिळते. फ्लॉवरला आणि कलिंगडासारख्या मेलनला १२ दिवस, म्हणजे १६ तारीख. भोपळ्याला १३, म्हणजे १५.

लोकांशी मैत्रीचं वेगळं वेळापत्रक करू नका, जायच्या रस्त्यात जो भेटेल त्याला गिफ्ट. एका माणसाला आठवड्यात दोनच देता येतात, दिवसाला एक. वाढदिवसाला तेच गिफ्ट आठपट मोजलं जातं, त्यामुळे पियेरच्या दुकानाबाहेरचं कॅलेंडर बघून वाढदिवस तेवढे धरले तरी पुष्कळ.

मित्रांबरोबर मल्टिप्लेयर खेळणार असाल तर हे सगळं अजून कडक पाळावं लागतं. एकट्यानं खेळताना मेनू उघडला की वेळ थांबतो, बॅग निवांत लावता येते, तिथे थांबत नाही, आणि सगळे अंथरुणात गेल्याशिवाय दिवसही संपत नाही. तिथे सकाळीच बोलून घ्या, एक जण पाणी, एक खाण, एक गावातली खरेदी, आणि झोपायची वेळ सगळ्यांची एकच.