सबवूफरचा अॅम्प्लिफायर गाडीत बसवताना

गाडीतला बेस फाटत किंवा घुमत असेल, तर दोष बहुधा सबवूफरचा, म्हणजे खालचे खोल स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, नसतो. बारीक वायर, रंगावरच आवळलेले अर्थिंग आणि अंदाजाने फिरवलेला गेन (अॅम्प्लिफायरवरचे सिग्नल जुळवण्याचे बटण) ही कारणे कितीतरी अधिक आढळतात, आणि यांतल्या पहिल्या दोन चुका आवाज बिघडवण्यावर थांबत नाहीत. त्यांतून आगही लागू शकते.

अॅम्प्लिफायर निवडताना खोक्यावर ठळक छापलेला कमाल वॅटचा आकडा सोडून द्यावा आणि सलग मिळणारी शक्ती सांगणारा आरएमएस आकडा सबवूफरच्या आरएमएस क्षमतेशी जुळवावा. त्याबरोबर ओहमचा, म्हणजे सबवूफरच्या विद्युत रोधाचा, हिशेब करावा. सबवूफरच्या प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल (शंकू हलवणारी तारेची वेटोळी) समांतर जोडल्या तर अॅम्प्लिफायरवर २ ओहमचा भार येतो, एकसर जोडल्या तर ८ ओहमचा. २ ओहमपर्यंतच चालणाऱ्या अॅम्प्लिफायरवर १ ओहमचा भार टाकल्यास तो तापून बंद पडतो किंवा जळतो.

५०० वॅट आरएमएसचा क्लास डी (अॅम्प्लिफायरचा एक कार्यक्षम प्रकार) अॅम्प्लिफायर सुमारे ८० टक्के कार्यक्षम धरला, तर १३.८ व्होल्टला तो पूर्ण जोरात साधारण ४५ अँपिअर ओढतो. त्यासाठी बॅटरीपासून डिकीपर्यंत ४ गेजची (गेज म्हणजे वायरच्या जाडीचे माप) शुद्ध तांब्याची वायर घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते. परंतु अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्केच असल्यामुळे तेवढ्याच जाडीत ती अधिक तापते.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. मुख्य फ्यूज धन टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे, कारण तो अॅम्प्लिफायरच्या नव्हे, तर वायरच्या रक्षणासाठी असतो. वायरचे आवरण पत्र्यावर घासून फाटले, की बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते. अशा वेळी फ्यूज डिकीत असेल, तर त्याच्या अलीकडची सगळी वायर निखाऱ्यासारखी तापते. इथे ६० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. इंजिनाच्या बाजूने वायर आत घेताना भोकाला रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणूनची कडी) बसवावे आणि आसनाखालच्या एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावू नये.

अर्थिंगची वायर तेवढ्याच जाडीची आणि शक्य तितकी आखूड ठेवावी. गाडीच्या पत्र्यावरचा रंग खरवडून धातू उघडा करावा, त्यावर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बोल्टने घट्ट आवळावा आणि गंज लागू नये म्हणून वरून रंगाचा हात द्यावा. भोक पाडण्यापूर्वी पत्र्याखाली इंधनाची टाकी किंवा ब्रेकची नळी नाही, याची खात्री करून घ्यावी. स्टिरिओकडून अॅम्प्लिफायरला सिग्नल आणणारी आरसीए केबल पॉवरच्या वायरपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी. नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते.

आता गेन, ज्याला आवाजाचे बटण समजून बहुतेक जण शेवटपर्यंत फिरवतात. त्याचे काम स्टिरिओकडून येणारा सिग्नल अॅम्प्लिफायरशी जुळवण्याचे आहे. सबवूफरच्या वायरी काढाव्यात, बेस बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर आणावेत, लो-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेवरचे स्वर अडवणारा) तात्पुरता सर्वांत वर न्यावा, स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवावा आणि ५० हर्ट्झचा, ० डेसिबल पातळीचा चाचणी-स्वर लावावा. मग अॅम्प्लिफायरच्या स्पीकर टोकांवर मल्टीमीटरने एसी व्होल्ट मोजत गेन सावकाश वाढवावा. किती व्होल्टला थांबायचे, ते वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळावरून कळते : ५०० वॅट आणि २ ओहम असतील, तर सुमारे ३१.६ व्होल्ट. त्यापुढे गेल्यास लहरींचे माथे छाटले जातात, सरासरी शक्ती वाढते आणि कॉइल उष्णतेने जळते. कमी वॅटच्या अॅम्प्लिफायरनेही सबवूफर जळतो, तो याच कारणाने.

त्यानंतर लो-पास ८० हर्ट्झच्या आसपास आणावा. सबवूफरची पेटी पोर्ट (हवा जाण्या-येण्याचे भोक) असलेली असेल, तर अतिखालचे स्वर अडवणारा सबसोनिक फिल्टरही लावावा. ३५ हर्ट्झला जुळवलेल्या (पोर्ट ज्या स्वराला सर्वांत जोरात साथ देतो त्या) पेटीसाठी तो ३० हर्ट्झच्या सुमारास ठेवता येतो, कारण त्याखाली शंकूला हवेचा आधार राहत नाही. फेज (सबवूफरच्या लहरींची इतर स्पीकरशी जुळणी) ० आणि १८० अंशांवर आलटून पालटून ऐकावा आणि चालकाच्या आसनावर बेस जिथे अधिक भरीव लागतो, तिथे सोडावा.

शेवटी अर्धा तास गाणी वाजवून फ्यूजचा होल्डर आणि अर्थिंगचा बोल्ट हाताने चाचपावा. यांपैकी काहीही गरम लागले, तर ती जोडणी सैल आहे असे समजून गाडी बाहेर काढण्यापूर्वी पुन्हा आवळावी.