समोर स्पर्धा नसताना

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन झाली की सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनपर्यंत माझ्या वहीत एकही स्पर्धा नसते. या दिवसांत घड्याळ घरीच ठेवा. पुण्यातली वेताळ टेकडी चढा, आणि एक पूर्ण वाक्य बोलताना धाप लागली तर वेग कमी करा, चढ सरळ चालत घ्या. खाणीजवळ मोर दिसतात. मी तेवढ्यासाठीही थांबते. सोबत मात्र हवीच. पहाटे साडेपाचला पायथ्याशी मैत्रीण उभी असेल तर अंथरूण सोडावंच लागतं. आठवड्यातून एकदा पर्वतीच्या १०३ पायऱ्या, मांड्यांसाठी. पोटरी दुखतेय? खुशाल सुट्टी घ्या. तारीख जवळ नसल्याचा हा फार मोठा फायदा. रविवारी नवा रस्ता निवडा: तळजाई, पाषाण तलाव, कधी सिंहगडाचा पायथा.