जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? या चुका टाळा

कोडिंग शिकायला महागडं मशीन लागत नाही, ४ जीबी रॅमवाला जुना लॅपटॉपसुद्धा लिनक्सवर चालतो, पण पहिल्याच आठवड्यात काहीतरी बिघडवून लोक "लिनक्स बेकार आहे" म्हणत परत विंडोजवर जातात.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, पण नाव ऐकलंय म्हणून थेट त्यातलं उबुंटू टाकू नका. त्याचा ग्नोम डेस्कटॉप दिसतो भारी पण रॅम खातो, वर ब्राउझरचे दहा टॅब आणि व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) उघडलं की मशीन हँग. लिनक्स मिंटचं एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) व्हर्जन किंवा लुबुंटू (उबुंटूचंच हलकं रूप) घ्या. आणि अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा, बाकी सगळं नंतर.

इन्स्टॉलच्या आधी पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह, म्हणजे डिस्कवर काही न टाकता, चालवून बघा, वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण बंद करून उघडल्यावर स्क्रीन परत येते का. काही ब्रॉडकॉम वायफाय कार्डांना ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि तो उतरवायला नेट पाहिजे, आता बोला! अशा वेळी फोन केबलने जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग ऑन करायचं.

अपडेट करताना 'कुड नॉट गेट लॉक' आलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा मागे दुसरं अपडेट चालू असतं. थांबा थोडं. लॉक फाइल डिलीट करायचे सल्ले मिळतील, ऐकू नका.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे काही अडलं की कमांडच्या पुढे सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लावायचं. डेबियन (उबुंटू ज्यावरून बनलंय ते लिनक्स) १२ पासून पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकायच्या टूलने, सिस्टमच्या पायथनमध्ये पॅकेज टाकायला गेलं की 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा एरर येतो. तिथे सुडो लावून उपयोग नाही, आणि जबरदस्ती करायच्या फ्लॅगच्या नावातच 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' आहे, अजून काय सांगायचं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरती पॅकेजेसची वेगळी जागा) बनवा आणि त्यात टाका.

मी तर एकदा 'परमिशन डिनाइड'ला वैतागून अख्ख्या यूएसआर फोल्डरवर (सिस्टमचे प्रोग्रॅम तिथेच असतात) सीएचमॉड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परमिशन देणारी कमांड, मारलं होतं. दुसऱ्या मिनिटाला सुडोच बंद, कारण त्याच्या फाइलवर जो सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅमला फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालू देणारी खूण) लागतो तोच त्यात उडाला, आणि परमिशन परत नीट करायला तर सुडोच पाहिजे! शेवटी लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून होम फोल्डर बाहेर काढला आणि सगळं नव्याने टाकलं. तो पेनड्राइव्ह अजून तसाच ठेवलाय, फॉरमॅट करायची हिंमत होत नाही.